वृद्धांची शुश्रूषा : प्रेम आहे, पण पद्धत आहे का?



आईवडिलांचा मान राखावा ही चौथी आज्ञा आपण पहिल्या कम्युनियनच्या वर्गात पाठ करतो. त्या वयात तिचा अर्थ 'आईबाबांचे ऐकावे' एवढाच आपल्याला सांगितला जातो. परंतु सीनाय पर्वतापाशी ही आज्ञा दिली गेली ती प्रौढ माणसांच्या समुदायाला. ज्यांचे आईवडील थकले होते, ज्यांना वाळवंटातील वाटचालीत म्हातारी माणसे ओझे वाटू शकली असती, अशा कर्त्या स्त्री-पुरुषांना ती प्रथम उद्देशून होती. म्हणून या आज्ञेची परीक्षा आपण खऱ्या अर्थाने चाळिशी-पन्नाशीत देतो.

वृद्धांना सांभाळावे की नाही, हा या लेखाचा विषय नाही. सांभाळावे हे आपण सारे मान्य करतो. चांगला सांभाळ कशाला म्हणावे, तो ओळखावा कसा आणि त्यात सुधारणा कशी करावी, याचा अभ्यास आज करावयाचा आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांचे चित्र

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक ज्येष्ठ नागरिक होता. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या कर्ती माणसे बाहेर जात आली आहेत. जावळी-पाटणकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामाला गेली. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात पांगले. आजची मुले पुण्याला, बंगळूरला, आखातात आहेत. मागे राहते घर, आणि घरात दोन म्हातारी माणसे; पुढे त्यांतले एकच. आपली कॅथलिक कुटुंबे तर थोडी आणि दूरदूर विखुरलेली. शेजारी हाक मारली तर आपल्या चर्चमधील माणूस धावून येईल, अशी वस्ती आपल्याकडे नाही.

अशा वेळी मुले पैसे पाठवतात, एखादी बाई कामाला ठेवतात किंवा वृद्धाश्रमात सोय करतात. काही घरांत सून किंवा अविवाहित मुलगी एकटीच सारे करते. यांपैकी कोणताही मार्ग मुळात पाप नाही. तसेच कोणताही मार्ग केवळ निवडल्याने चांगला ठरत नाही. घरात ठेवूनही आईची हेळसांड होऊ शकते आणि आश्रमात ठेवूनही तिचा मान राखला जाऊ शकतो.

पवित्र शास्त्र काय शिकवते?

चार उतारे घरी काढून सावकाश वाचावेत.

पहिला, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, ओवी १ ते ६. यरुशलेमची पहिली मंडळी प्रेमाने भारलेली होती, सर्व काही समाईक होते. तरीही रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. त्यांना कोणी मुद्दाम उपाशी ठेवले असे तेथे म्हटलेले नाही. प्रेम होते, पद्धत नव्हती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही आणि नुसते प्रवचनही दिले नाही. त्यांनी सात माणसे निवडून घेतली, त्यांच्यावर काम सोपवले आणि हात ठेवून प्रार्थना केली. त्या सातांची नावे शास्त्रात नोंदलेली आहेत. ख्रिस्तसभेने पहिली व्यवस्था उभी केली ती निराधार स्त्रियांच्या जेवणासाठी, ही गोष्ट आपण विसरू नये.

दुसरा, मार्क ७:९-१३. आईवडिलांच्या उपयोगाचे जे होते ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करून मुले मोकळी होत. प्रभू येशूने या पळवाटेवर कडक शब्दांत बोट ठेवले. चर्चच्या समितीत पुढे असणाऱ्या, सणाला मोठी देणगी देणाऱ्या माणसाच्या घरी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवसांपासून संपल्या असतील, तर हा उतारा त्याच्यासाठी आहे.

तिसरा, तिमथीला पहिले पत्र, अध्याय ५. संत पौल क्रम लावून देतो. आधी मुलानातवंडांनी घरच्यांचे ऋण फेडावे. ज्या विधवेला खरोखर कोणी नाही तिचा भार मंडळीने उचलावा. कुटुंबाने आपले काम चर्चवर ढकलू नये आणि चर्चने निराधाराला कुटुंबाकडे बोट दाखवून परत पाठवू नये.

चौथा, योहान १९:२६-२७. वधस्तंभावरून प्रभूने आपली आई शिष्याच्या हाती दिली, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले. येशूने मरियेला सोपवले, टाकले नाही. आपल्या भाषेत 'सोपवणे' आणि 'टाकणे' हे दोन वेगळे शब्द आहेत. स्वतःला शक्य नसेल तेव्हा आईला विश्वासू हातांत सोपवणे यात लाज नाही. सोपवणारा घेणाऱ्याला ओळखतो, पुन्हा पुन्हा येऊन पाहतो आणि विचारतो. टाकणारा पैसे भरून निघून जातो.

'शुश्रूषा' या शब्दाचा अर्थ

आजाऱ्याची सेवा या अर्थाने आपण 'शुश्रूषा' हा शब्द वापरतो. तो 'श्रु', म्हणजे ऐकणे, या संस्कृत धातूपासून आला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात 'ऐकण्याची इच्छा'. सेवेसाठी योजलेला हा शब्द फार खोल आहे. सेवा हातांनी होते, परंतु तिची सुरुवात कानांनी होते. मिरजेतला तंतुवाद्यांचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना प्रत्येक तारेला कान देतो. एका वाद्याचे माप दुसऱ्याला चालत नाही. माणसांचेही तसेच आहे.

तत्त्वज्ञानात वस्तू आणि व्यक्ती यांत भेद केला जातो. जर्मन विचारवंत इमॅन्युएल कांट याने १७८५ च्या ग्रंथात सांगितले की वस्तूला किंमत असते आणि तिच्या जागी दुसरी वस्तू आणता येते. व्यक्तीला प्रतिष्ठा असते. तिच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही. कांटच्या कितीतरी आधी संत थॉमस अक्वायनस याने आईवडिलांविषयीच्या भक्तिभावाला स्वतंत्र सद्‌गुण मानले. देवाखालोखाल आपण त्यांचे ऋणी आहोत, कारण ते आपल्या जन्माला आणि वाढीला कारण झाले, असे तो शिकवतो.

हा भेद प्रत्यक्षात कसा दिसतो? 'आजीला आंघोळ घातली, जेवण दिले, औषध दिले' ही यादी पूर्ण असूनही आजी वस्तू झालेली असू शकते. तिला विचारले का, की पाणी कोमट हवे की कढत? लुगडे कोणते नेसायचे? अंघोळीच्या वेळी दार लावले होते का? ज्या बाईने चाळीस वर्षे घर चालवले, तिला आज भाकरी हवी की भात, हे ठरवण्याचा अधिकार राहिला आहे का? विस्मरणाच्या आजारात मती गेलेल्या माणसालाही हा मान आहे. बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, वडिलांची बुद्धी क्षीण झाली तरी त्यांना समजून घ्यावे असे स्पष्ट शिकवले आहे.

एका संतिणीचे उदाहरण

संत झान ज्युगां ही फ्रान्समधील गरीब स्त्री. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका अंध, अर्धांगवायू झालेल्या वृद्धेला घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. झान टोपली घेऊन दारोदार वृद्धांसाठी मागत फिरे. पुढे तिला प्रमुखपदावरून दूर करण्यात आले आणि आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे ती संघात अज्ञातवासात राहिली. १८७९ मध्ये तिचे निधन झाले. तिच्या भगिनी १८८२ मध्ये कोलकात्यात आल्या. मुंबईतही त्यांचे वृद्धाश्रम उभे राहिले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी झानला संतपद दिले.

आपल्याच भागात १८९४ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि पुढे तेथे परिचारिकांना रीतसर शिक्षण दिले गेले. कळवळा असला तरी शुश्रूषा शिकावी लागते, हा धडा या भागाला तेव्हापासून मिळालेला आहे.

केवळ पैशानेही हे काम होत नाही. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशाने वृद्धांच्या निवासांची चौकशी करण्यासाठी २०१८ मध्ये शाही आयोग नेमला. त्याच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचे नाव एकाच शब्दाचे होते : 'दुर्लक्ष'. निकस जेवण, माणसांना बांधून ठेवणे, शांत राहावीत म्हणून गुंगीची औषधे देणे, अशा गोष्टी तेथे उघड झाल्या. यरुशलेमच्या विधवांचीही हीच तक्रार होती.

चांगला सांभाळ ओळखण्याच्या सहा खुणा

घरी असो वा आश्रमात, पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पाणी आणि जेवण. वयाबरोबर तहान कमी जाणवते, म्हणून मागितले नाही तरी पाणी पुढे करावे लागते. जेवण बसवून, लहान घासांनी द्यावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे. कवळी नीट बसते का, हेही पाहावे.

२. पाठ आणि टाचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबा, टाच येथे लाल चट्टा दिसला आणि तो जात नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. तेथे चोळू नये. हवेची गादी उपयोगी आहे, परंतु ती आणली म्हणून कूस बदलणे थांबवू नये.

३. शौचालय. ज्याला हात धरून नेता येते त्याला केवळ आपल्या सोयीसाठी डायपर बांधणे म्हणजे त्याची उरलेली ताकद काढून घेणे होय. भिंतीला दांडी, रात्री मंद दिवा, कोरडी फरशी आणि कमोडची खुर्ची एवढ्याने कितीतरी माणसांचे खुब्याचे हाड वाचते.

४. औषधे. सर्व औषधांची एक यादी कागदावर लिहून ठेवावी आणि प्रत्येक डॉक्टरांना तीच दाखवावी. चांगला बोलणारा माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागला, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये. जंतुसंसर्ग, अंगातले पाणी किंवा क्षार कमी होणे, नवे औषध, यांमुळेही असे होते आणि वेळेवर उपचार केल्यास माणूस सावरतो.

५. डोळे, कान आणि सोबत. चष्मा पुसलेला आहे का? श्रवणयंत्राचा सेल चालू आहे का? दिवसातून एकदा तरी कोणी समोर बसून बोलते का? ऐकू न येणारा माणूस हळूहळू गप्प होतो आणि आपण त्याला 'शांत स्वभावाचा' म्हणू लागतो.

६. तक्रार करण्याची मोकळीक. जेथे वृद्ध माणूस न घाबरता 'मला हे आवडले नाही' म्हणू शकतो, ते घर किंवा तो आश्रम चांगला. आश्रम निवडताना न सांगता, जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी जाऊन पाहावे. आईला भेटताना थोडा वेळ तरी तिच्याशी एकांतात बोलावे.

सेवा करणाऱ्याचीही काळजी

ज्येष्ठांच्या सांभाळाविषयीच्या २००७ च्या कायद्यात 'अपत्ये' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात येतात; सून येत नाही. प्रत्यक्षात मात्र अंथरूण-पांघरूण, शी-शू, रात्रीचे जागरण तिच्याच वाट्याला येते. मुलाने आईसाठी पैसे दिले, मुलीने फोन केला, आणि सुनेने सर्व केले, अशी वाटणी न्याय्य नाही. भावंडांनी एकत्र बसून कोणी कोणते दिवस द्यायचे हे ठरवावे. महिन्यातून निदान दोन दिवस सेवा करणाऱ्याला पूर्ण सुट्टी मिळावी. पगारी बाई असेल तर तिलाही रास्त पगार, जेवण, झोप आणि सुट्टी द्यावी. थकलेल्या हातांकडून हळुवारपणाची अपेक्षा करता येत नाही.

काही भगिनींच्या मनात अपराधाची टोचणी असते, म्हणून स्पष्ट सांगतो. घरी आजारी माणसाला एकटे सोडता येत नसल्यामुळे रविवारची मिस्सा चुकली, तर त्यात पाप नाही. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास वृद्धांना व आजाऱ्यांना बंधनकारक नाही, तसाच त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही (कॅनन ९१९). प्रायश्चित्तकाळातील उपवासाचे बंधन वयाच्या साठाव्या वर्षाच्या आरंभी संपते (कॅनन १२५२). मधुमेह असलेल्या आजीने गुड फ्रायडेला उपाशी राहून भोवळ येऊन पडावे, अशी ख्रिस्तसभेची इच्छा नाही. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कारही केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. आजाराने वा वार्धक्याने प्रकृतीला धोका निर्माण होऊ लागताच तो घेता येतो आणि प्रकृती अधिक बिघडल्यास पुन्हाही घेता येतो. धर्मगुरूला वेळेवर बोलवावे.

हक्कांची माहिती

'आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' नुसार, ज्यांना स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करता येत नाही असे आईवडील अपत्यांकडून चरितार्थ मागू शकतात. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करता येतो. कायद्याने ही रक्कम दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत ठेवली आहे. ज्येष्ठाला टाकून देणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जमीन किंवा घर मुलांच्या नावे करताना विशेष काळजी घ्यावी. मुलाने सांभाळ करावा या अटीवर बक्षीसपत्र केले आणि त्याने सांभाळ केला नाही, तर कलम २३ खाली ते रद्द करवून घेता येते. परंतु ती अट दस्तात लिहिलेली असावी. तोंडी भरवशावर सातबारा बदलू नये.

सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचा लाभ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. हा क्रमांक घरात दिसेल असा लिहून ठेवावा.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

प्रेषितांनी सात माणसे नेमली. आपणही सात माणसांपासून सुरुवात करू शकतो. त्यांनी प्रथम एक वही करावी. आपल्या धर्मग्रामात एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले आणि विस्मरणाने आजारी असलेले ज्येष्ठ कोण आहेत, त्यांच्या मुलांचा फोन कोणता, डॉक्टर कोण, ख्रिस्तप्रसाद घरी हवा का, हे त्यात असावे. प्रत्येक ज्येष्ठामागे एका माणसाचे नाव असावे, आणि त्याने आठवड्यातून एकदा तेथे जावे. नुसते 'सर्वांनी लक्ष ठेवावे' असे म्हटले की कोणीच लक्ष ठेवत नाही.

कृष्णाकाठच्या घरांसाठी या वहीत आणखी एक रकाना हवा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला शिकवले आहे की पाणी चढू लागल्यावर धडधाकट माणूस चालत बाहेर पडतो, खाटेवरचा माणूस नाही. पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे की त्याला कोण उचलणार, कोणाच्या घरी नेणार आणि औषधांची पिशवी कोण घेणार.

युवकांनी चष्मा दुरुस्ती, बँकेतील हयातीचा दाखला, दवाखान्याची रांग ही कामे घ्यावीत. आपल्यातील परिचारिका भगिनींनी एका रविवारी मिस्सेनंतर कूस बदलणे, भरवणे आणि उठवून बसवणे हे प्रत्यक्ष करून दाखवावे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेला आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी फुले देऊ या. पण त्याच दिवशी ही वही वेदीपाशी आणून आपण काय केले याचा हिशेबही देऊ या.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील ज्येष्ठांना काल कोणता निर्णय स्वतः घेता आला?

२. सेवेचा भार कोणा एकावर पडला आहे का? या महिन्यात तो कसा वाटून घेता येईल?

३. आपल्या गल्लीत किंवा गावात असा कोणी वृद्ध आहे का, ज्याचे नाव कोणाच्याही वहीत नाही? तो ख्रिस्ती नसला तरी त्याचे नाव लिहावे.

प्रार्थना

हे प्रभू, तू आपल्या आईला विश्वासू हातांत सोपवलेस. आमचे हात तसे विश्वासू कर. थकलेल्यांचे म्हणणे ऐकण्याचा धीर आम्हांला दे, त्यांची सेवा करणाऱ्यांना विसावा दे, आणि ज्यांना कोणी नाही त्यांच्या दारी आम्हांला पाठव. आमेन.

तुमचा,
धर्मगुरू